उपरेपणाची कबुली कोणी द्यायची?

आपण या जगात प्रवासी आहोत, आपलं कायमचं घर इथे नाही. ख्रिस्ती उपासनेत, विशेषतः कोणाला माती देताना, हे हमखास बोललं जातं. ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय त्याला त्याने धीर येतो, आणि तो धीर खरा आहे. माझा त्यावर विश्वास आहे. पण हेच वाक्य कबरस्तानाच्या फाटकाबाहेर पडून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत, मतदान केंद्रापर्यंत, वॉर्ड ऑफिसपर्यंत पोचलं की त्याचं भलतंच काही होऊन बसतं. "आपल्याला काय करायचंय त्या भानगडीत? आपण इथले थोडेच!" नेरूळ, ऐरोली, कळवा, कल्याण इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे मी भल्या, प्रार्थनाशील माणसांच्या तोंडून ऐकत आलो आहे. पाणी दोन दिवस येत नाही, शाळेसमोरचा कचरा उचलला जात नाही, शेजारच्या भाडेकरूला आठवड्याभरात घर सोडायला सांगितलं जातं, आणि आम्ही स्वर्गाकडे पाहत गप्प राहतो.

दुसऱ्या बाजूला हेच वाक्य आमच्यावर उलटवणारेही आहेत. तुमचा धर्म बाहेरचा, तुमची तीर्थं बाहेरची, तुम्ही स्वतःच म्हणता की आम्ही परके, मग इथल्या गोष्टींत बोलायचा तुम्हाला अधिकार काय? हा प्रश्न दर वेळी मोठ्या आवाजात विचारला जातो असं नाही. पुष्कळदा तो अगदी सौम्यपणे, चहा पिता पिता विचारला जातो: "तुम्ही मूळचे कुठले?" अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की "नाही, पण मूळचे?"

माझं म्हणणं असं की या दोघांनीही एकच चूक केली आहे. प्रवासीपणाची कबुली पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कोणाकडून घेतली आहे, हे दोघांनीही पाहिलेलं नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रापासून सुरुवात करतो, कारण 'प्रवासी' म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा तेच उघडलं जातं. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांतांमध्ये विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना ते लिहिलेलं आहे. दुसऱ्या अध्यायात तो त्यांना प्रवासी आणि परदेशवासी म्हणून हाक मारतो. बहुतेक संदेश इथे थांबतात. पेत्र मात्र थांबत नाही. पुढच्याच ओळीत तो म्हणतो की शेजारच्या लोकांमध्ये तुमचं वागणं चांगलं असू द्या, म्हणजे जे तुम्हाला वाईट म्हणतात त्यांना तुमची सत्कर्मं डोळ्यांनी दिसतील. आणखी काही ओळींनंतर सगळ्यांना मान द्या, असं सांगतो. ज्याला शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं आहे त्याला गप्प बसून कसं चालेल? दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं, लेखकाचं नाव हरवलेलं एक ग्रीक पत्र आहे, दियोग्नेत नावाच्या माणसाला लिहिलेलं. ख्रिस्ती लोक आपापल्या देशात प्रवाशांसारखे राहतात असं त्यात म्हटलं आहे; पण त्याच दमात हेही म्हटलं आहे की नागरिक म्हणून ते सगळ्यात वाटा उचलतात आणि परके म्हणून सगळं सोसतात. वाटा उचलणं आधी आणि सोसणं नंतर. आम्ही वाटा उचलणं सोडून दिलं आणि सोसण्याची मात्र तक्रार करत बसलो.

आता नवी मुंबईकडे येतो. मला वाटतं, हा विचार समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून योग्य जागा सापडणार नाही.

१७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्या जमिनीवर सेक्टर आखले गेले, भूखंड पडले, आणि हे भूखंड विकले गेले असं आपण बोलीत म्हणत असलो तरी ते दिले गेले ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सेक्टरमध्ये राहणारा माणूस करोडभर रुपये मोजतो, बँकेचं कर्ज वीस वर्षं फेडतो, दारावर पितळी पाटी लावतो, तरी त्या इमारतीखालची जमीन त्याची किंवा त्याच्या सोसायटीची नसते. सत्तरच्या दशकातले करार २०३० नंतर संपायला लागतात. म्हणून फ्रीहोल्डची, म्हणजे जमीन कायमची मालकीची करून देण्याची, मागणी इथे जुनी आहे, आणि ती रास्त आहे असं मलाही वाटतं. म्हातारपणी डोक्यावरच्या छपराची काळजी कोणालाच नको.

पण पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ही रचना ओळखीची वाटायला हवी. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. म्हणून जमिनीची किंमत ठरवताना पुढच्या योबेलपर्यंत किती वर्षं उरली ते मोजायचं. वर्षं जास्त असतील तर किंमत जास्त, कमी असतील तर कमी, कारण शास्त्र स्पष्ट म्हणतं की विकली जातात ती पिकं. जमीन विकलीच जात नाही. कुठल्याही भाडेपट्ट्याचं गणित यापेक्षा फार वेगळं नसतं. आणि या सगळ्याचं कारण तेविसाव्या ओळीत आहे: जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे, तुम्ही त्याच्याकडे आलेले परके आणि उपरे आहात.

कोणी म्हणेल, याच अध्यायात तटबंदीच्या नगरातल्या घराला हा नियम नव्हता. विकलेलं घर वर्षभरात सोडवलं नाही तर ते कायमचं घेणाऱ्याचं व्हायचं. मग वाशीच्या फ्लॅटला लेवीय कसा लावता? बरोबर आहे, कायदा म्हणून तो लावायचाच नाही. मला त्या कायद्यामागचं कारण महत्त्वाचं वाटतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कोणाला ऐकवलंय. इस्राएलमध्ये राहायला आलेल्या मवाबी, मिसरी माणसाला हे सांगितलेलं नाही. ज्यांच्या नावावर शेत होतं, ज्यांच्या बापजाद्यांना चिठ्ठ्या टाकून वाटा मिळणार होता, त्या खातेदारांना सांगितलंय: तुम्ही उपरे आहात. दावीद राजाचंही तेच. मंदिरासाठी सोनं-रुपं गोळा झालंय, लोक आनंदात आहेत, राज्य शलमोनाच्या हाती जायची वेळ आलीय, आणि त्या भरल्या सभेत म्हातारा राजा देवाला म्हणतो की आम्ही तुझ्यापुढे परके आणि प्रवासी आहोत, आमच्या सगळ्या पूर्वजांसारखे. 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात हे आहे. गादीवर बसलेला माणूस हे बोलतो, आणि स्वतःबद्दल बोलतो.

म्हणून मी म्हणतो, प्रवासीपणाची कबुली ज्याच्याकडे काही आहे त्याने स्वतः द्यायची असते. ती दुसऱ्याकडून घ्यायची नसते. ज्याच्याकडे काही नाही त्याला "तू उपरा आहेस" असं सुनावण्यासाठी हे वाक्य शास्त्रात कुठेच वापरलेलं नाही. उपऱ्याबद्दल शास्त्र मालकाला काय सांगतं, तर त्याला छळू नकोस, कारण मिसर देशात तूही उपरा होतास आणि उपऱ्याच्या मनाची स्थिती तुला ठाऊक आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिथे मला नवी मुंबईच्या मूळ गावांबद्दल बोलायला हवं. जमीन देवाची, माणूस उपरा, म्हणून कोणाच्याही जमिनीला काही अर्थ नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर शास्त्र त्याला अहाब राजाची गोष्ट ऐकवतं. इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने मोबदला देऊ केला, बदली जमीनही देऊ केली. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन. पुढे राणी ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रं लिहवून, खोटे साक्षीदार उभे करून, रीतसर खटला चालवून त्याला मारलं, आणि एलीया संदेष्ट्याने राजाला त्याच मळ्यात गाठलं. जमीन देवाची आहे याचा अर्थ इथे पुरता कळतो: ती राजाची नाही. देवाच्या मालकीची आठवण लहान माणसाच्या तुकड्याचं मोठ्या माणसापासून रक्षण करण्यासाठी आहे.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यातल्या जासई परिसरात, घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व पुढे आलं. आजची तिथली माणसं प्रकल्पग्रस्त या एका शब्दात मावतात, आणि वाढत्या कुटुंबासाठी गावठाणालगत त्यांनी बांधलेली घरं 'गरजेपोटी' या दुसऱ्या शब्दात. आमच्यासारखे नंतर आलेले लोक सेक्टरमधल्या बाल्कनीतून त्या घरांकडे बघून "हे सगळं अनधिकृत" म्हणतात. ज्यांच्या भातखाचरांवर आपलं पार्किंग उभं आहे त्यांना अनधिकृत म्हणण्याआधी ख्रिस्ती माणसाने तरी क्षणभर थांबावं. त्या घरांचा प्रश्न सोपा नाही. अरुंद गल्ल्या, आगीचा धोका, सांडपाणी हे सगळं खरं आहे आणि त्यावर नियम लागतात. पण नियम ठरवताना आपण मालक आणि ते अतिक्रमण करणारे, ही मांडणी मला मान्य नाही. इथे भाडेपट्टेदार आपण आहोत.

ख्रिस्ती माणसाला 'बाहेरचा' म्हटलं की आमच्यापैकी शिकलेले लोक लगेच पुराव्यांची फाईल काढतात. त्या फाईलीत बरंच काही आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्याणा'मध्ये इराणमधून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं, आणि अनेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुजहून कोल्लमला जायच्या वाटेवर ठाण्याला लागले. ते उतरले ते इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या वेगळ्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांकडे. ओडोरिक हा त्यांच्यामागून आलेला प्रवासी अशी पंधरा घरं असल्याचं सांगतो. त्या चौघांना त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ठाण्यात ठार मारण्यात आलं आणि ओडोरिक त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. पुढे फादर स्टीफन्सच्या ओव्या, रेव्हरंड टिळकांची भजनं, १८४२ पासूनचं 'ज्ञानोदय' नियतकालिक. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण आम्ही जुने आहोत, हे उत्तर म्हणून मला पटत नाही. जुनेपणावर हक्क ठरायला लागला की तो उद्या आपण दुसऱ्याविरुद्ध वापरतो. आमच्याच इतिहासात त्याची खूण आहे. मुंबई, साष्टी, ठाणे, वसईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन संघटना काढली, कारण गोव्याहून, मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपासून आपली वेगळी ओळख सांगणं त्यांना गरजेचं वाटलं. त्यांची अडचण मला समजते. सरकारी नोकऱ्यांत मागे पडणाऱ्या माणसाला काहीतरी करावंच लागतं. तरी एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांत इथला कोण आणि आलेला कोण, ही वाटणी तेव्हाच झाली. पुढे शंभर वर्षांनी केरळहून आलेल्यांची संख्या एवढी झाली की १९८८ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. एक अख्खा धर्मप्रांत स्थलांतरितांचा. आज नवी मुंबईत रविवारी एकाच शाळेच्या हॉलमध्ये सकाळी मल्याळम, दुपारी तेलुगू आणि संध्याकाळी मराठी उपासना होते. मराठी मंडळीतल्या काही जणांना वाटतं, आपण इथले, आपल्याला सकाळची वेळ मिळायला हवी. मला ते ऐकून वाईट वाटतं.

ठाण्याच्या त्या चार साधूंची गोष्ट मी वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवतो. ज्या घरांनी त्यांना आसरा दिला तीही अल्पसंख्य, दुरून येऊन वसलेल्या परंपरेची घरं होती. पंथही वेगळा, रोमच्या नजरेने पाखंडी. आसरा देताना त्यांनी पंथ विचारला नाही, किंवा विचारूनही दार उघडलं.

पंडिता रमाबाईंचंही तेच. त्यांचं बालपण आईवडिलांबरोबर एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जाण्यात गेलं, आणि दुष्काळात आईवडील दोघेही गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो भुकेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या; केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्यांतल्या पुष्कळ मुली मराठीही बोलत नव्हत्या. दुष्काळात रस्त्यावर असणं म्हणजे काय ते रमाबाईंना ठाऊक होतं, आणि या मुली कुठल्या, हा प्रश्न त्यांनी केला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. मंडळीच्या तरुण संघातल्या एका मुलाने मला विचारलं, "काका, आपण थोडे आहोत. आपणच आपल्याला प्रवासी म्हणायला लागलो, तर ज्यांना आपल्याला घालवायचंय त्यांना आयतंच कोलीत नाही का मिळत?" त्याची भीती खरी आहे. ज्या काळात प्रार्थनेसाठी भाड्याने घेतलेल्या हॉलबाहेर चौकशी करायला माणसं येऊन उभी राहतात, त्या काळात शब्द जपून वापरावे लागतात. माझं त्याला उत्तर असं होतं आणि आहे की देवापुढे आपण उपरे आहोत, राज्यघटनेपुढे नाही. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि तो आपण एका इंचानेही सोडायचा नाही. पौल तंबू शिवून पोट भरणारा फिरता प्रेषित होता. पण फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचं तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला ठणकावून सांगितलं. देवापुढची नम्रता आणि कायद्यापुढचा हक्क या दोन गोष्टी एकाच माणसात राहतात. शिवाय देवापुढे उपरे आपण एकटे नाही. आपल्याला 'बाहेरचा' म्हणणारा माणूसही तितकाच उपरा आहे. फक्त ते त्याला सुनावण्याचं काम आपलं नाही. आपण आपल्यापुरतं बोलायचं, आणि आपल्या हातात जे आहे त्याबाबत बोलायचं.

हातात काय आहे? आमच्यापैकी पुष्कळांच्या हातात आता फ्लॅट आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी राहुरी, नेवासे, जालना भागातून कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत नोकरीला आलेल्यांची मुलं आज सोसायटीच्या कमिटीवर आहेत. आणि भाडेकरूचा प्रश्न तिथे रोजचा आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, एजंटाचं ब्रोकरेज, पोलीस पडताळणी हे एकवेळ ठीक. पण त्याआधीचे प्रश्न: जात कोणती, धर्म कोणता, घरात मासे-मटण शिजतं का, नवरा-बायको की एकटे, गाव कुठलं. या प्रश्नांनी ख्रिस्ती माणसाने घर गमावलेलं मी पाहिलंय, आणि ज्याच्याकडे आता स्वतःचं घर आहे असा ख्रिस्ती माणूस दुसऱ्याला हेच विचारताना पाहिलंय. एका सोसायटीच्या सभेत भाडेकरूंच्या मुलांना सोसायटीच्या मैदानात खेळू द्यायचं की नाही यावर तासभर चर्चा झाली. सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांचं बालपण भाड्याच्या खोलीत गेलं होतं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त ना-वापर शुल्क घेता येत नाही; तरी वेगळ्या नावाने जास्त पैसे काढणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि ते पैसे शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जातात. अशा सभेत उठून "हे बेकायदेशीर आहे आणि चूकही आहे" एवढं बोलायला ख्रिस्ती सभासदाला कुठलं धर्मशास्त्र शिकावं लागत नाही. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक रस्त्याने ठाण्यावरून कसाऱ्याच्या घाटाकडे डोक्यावर बोचकं घेऊन चालत गेलेली माणसं याच शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांमधून निघाली होती. पुष्कळांची खोली भाडं थकल्यामुळे गेली होती. त्यांना पाणी देणारे हात खूप होते, ख्रिस्तीही होते. भाडं माफ करणारे हात मला फार थोडे दिसले.

हे जग आपलं नाही म्हणून त्यात काही लावू नये, रुजवू नये, असं मानणाऱ्यांनी यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पाठवलेलं पत्रही वाचावं. त्यांना धरून नेलं होतं, ते परमुलखात होते, आणि हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत जाणार असं सांगत होता. यिर्मयाने लिहिलं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. परत जायला सत्तर वर्षं लागणार होती. ज्यांनी झाडं लावायची त्यांच्यातले बहुतेक जण परत जाणारच नव्हते. वसई ठाणे जिल्ह्यात होती तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जाणून हरित वसई संरक्षण समितीत पुढे उभे राहिले. पुढे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या साहित्याची चर्चा झाली; मला मात्र विहिरी आणि केळीच्या बागांसाठी रस्त्यावर आलेला धर्मगुरू जास्त जवळचा वाटतो. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांनी धावगी डोंगरावरच्या मीरा-भाईंदरच्या कचऱ्याविरुद्ध इतकी वर्षं आवाज उठवला, त्यांच्यामागे नवी मुंबईतल्या किती मंडळ्या उभ्या राहिल्या? आपलं घर वर आहे खरं, पण त्या धुरात श्वास घेणारी मुलं इथे आहेत.

शेवटचा मुद्दा कबरस्तानाचा, कारण प्रवासीपणाचा सगळा विचार शेवटी तिथेच कसाला लागतो. अब्राहामाला साऱ्या कनान देशाचं वचन मिळालं होतं, आणि आयुष्यभर तो तंबूत राहिला. त्याच्या नावावर झालेली पहिली जमीन म्हणजे बायकोची कबर. सारा वारल्यावर तो हेब्रोनच्या हेथी लोकांपुढे उभा राहून म्हणाला की मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला पुरायला जागा द्या. ते म्हणाले, आमच्या कबरींपैकी हवी ती घे. त्याने ती फुकट घेतली नाही. मकपेलाच्या गुहेसाठी एफ्रोनला चारशे शेकेल रुपं तोलून दिलं, सगळ्या गावासमोर. एका अनोळखी माणसाच्या दुःखाला गावाने दिलेलं उत्तर आणि त्या माणसाने राखलेला सरळपणा, दोन्ही मला शहराच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे जागा इतकी कमी आहे की मुंबई परिसरात कबरही बहुतेकदा ठरावीक मुदतीचीच मिळते. मुदत संपली की अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच खड्ड्यात दुसरं कोणी निजतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जी जमीन जिवंतपणी आपली नव्हती ती मेल्यावर कायमची अडवून ठेवायचा आग्रह प्रवाशाला शोभत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनालाही परवानगी दिली आहे आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी त्यावर मोकळेपणाने बोलायची वेळ आली आहे. पण मुदतीची का होईना, जागा हवीच. मृतांच्या अंत्यविधीसाठी जागेची सोय करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने पालिकेचं बंधनकारक काम ठरवलं आहे. ते कोणावर उपकार करणं नाही.

आमच्याकडे यासाठी निवेदनं जातात ती सुटी सुटी. कॅथलिकांचं वेगळं, मराठी प्रोटेस्टंटांचं वेगळं, मल्याळी मंडळ्यांचं वेगळं, आणि मुसलमानांचं त्यांच्या कबरस्तानासाठी आणखी वेगळं. प्रत्येक जण आपला भूखंड मागतो, शेजारच्या इमारतींकडून हरकती येतात, फाईल पडून राहते. पुरणारे समाज तेवढेच नाहीत. लिंगायत आहेत, गोसावी आहेत, दलितांमधल्या काही जाती आहेत, लहान मुलांना पुरणारी तर बहुतेक हिंदू घरं आहेत. ठाणे आणि नवी मुंबईच्या पुढच्या विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या जातील तेव्हा प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे शहराच्या प्रत्येक मोठ्या भागात, दफनासाठी पालिकेचीच, सगळ्यांना खुली, भिंतीऐवजी झाडांच्या रांगांनी विभागलेली जागा आरक्षित करावी, असं एकच निवेदन या सगळ्यांनी मिळून द्यावं. ते लिहायला आणि दारोदार सह्या गोळा करायला मंडळ्यांमधले निवृत्त शिक्षक, नर्स, बँकेतले लोक पुरेसे आहेत, आणि सह्यांची सुरुवात कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतून करता येईल. भाडेकरूंनाही सही करू द्यावी.